रिमोटची ओळख परेड

राजुरात एका अंगाला कोळशाची खाण, दुसऱ्या अंगाला चुन्याच्या भट्ट्या. इथे आणलेली वस्तू काही दिवसांत काळी तरी पडते, नाही तर पांढरी. म्हणून वस्तूवर काय छापलंय हे बघण्यापेक्षा ती करते काय, हे बघायची गावाची रीत. पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याला हे कोण सांगणार? दिवाळीत त्याने आमचं घर 'स्मार्ट' केलं आणि परत गेला. मागे उरला एक रिमोट. पाठीवर स्टिकर : ८६८ मेगाहर्ट्झ. बटण दाबलं की इवला लाल दिवा लागे. घरात मात्र पान हलत नसे.

भाचा फोनवर म्हणाला, "मामा, डिफेक्टिव्ह असेल, फेकून द्या." बायको म्हणाली, "फेकू नका, सेल तरी काढून घ्या." शेजारचे काकाजी मात्र थेट फाटकातूनच कडाडले, "गुरुजी, रातीले तुमच्या त्या डबड्यानं आमची मोटर चालू केली! टाकी वायली ना बापा!"

तसा हा संशय अगदीच हवेतला म्हणता येणार नाही. १९५६ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीचा 'स्पेस कमांड' रिमोट आला. रॉबर्ट अ‍ॅडलर यांचं हे यंत्र माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजावर चालायचं. खिशातली चिल्लर खुळखुळली तरी टीव्हीचं चॅनल बदलायचं म्हणे.

मी चौकशी बसवली. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यापुढे धरून दाबला. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा पडद्यावर जांभळट चमकला. आरोपीला दाबलं, तर तिथे अंधार. म्हणजे हा रेडिओवाला. मग नखाने पाठ उकलली. आत करंगळीच्या पेराएवढा बारा व्होल्टचा सेल आणि पत्र्याची एक चपटी डबी. भिंगातून वाचलं : आर४३३ए. लहरींची पट्टी ठरवते ती ही डबी, स्टिकर नव्हे. ८६८ युरोपातल्या घरांत चालतं. आपल्याकडे असल्या किरकोळ यंत्रांना ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ विनापरवाना मोकळं आहे. कुणा कारागिराने दुसऱ्याच पेटीतलं स्टिकर याच्या पाठीवर डकवलं होतं.

शेजारी छोटीशी चिप, ईव्ही१५२७. हिच्यात १०,४८,५७६ सांकेतिक क्रमांक मावतात. काकाजींना म्हटलं, "तुमच्या मोटरीला रिमोटच नाही. असता, तरी क्रमांक जुळायची शक्यता दहा लाखांत एक."

"लॉटरी बी कोनाले तरी लागतेच ना, गुरुजी?"

एवढ्यात लाइन गेली. अर्ध्या तासाने आली आणि काकाजींची मोटर घरघरू लागली. बटण चालूच ठेवून ते माझ्याकडे भांडायला आले होते. रात्रीही असंच झालं असणार. रिमोट टेबलावर पोट उघडून पडलेला, सेल बायकोच्या मुठीत. काकाजींनी रिमोट उलटापालटा करून पाहिला. "सेल काढून बी चालते? मंग भारीच हाये हा!"

भाच्याच्या खोक्यात ४३३ चा एक बिनवारशी रिसीव्हर पडला होता. त्याचं शिकवणीचं बटण दाबून रिमोट दाबला आणि अंगणातला दिवा लागला. स्टिकर खरवडून मी मार्करने लिहिलं : अंगण.

तुमच्या घरातही असा मुका रिमोट असेल, तर फेकण्याआधी पाठ उघडून पत्र्याची डबी वाचा. आणि लाइन गेली की मोटरीचं बटण आठवणीने बंद करा.