अंथरूण न पाहता

दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. पूजा होते, नारळ फुटतो, अध्यक्ष बोलतात आणि पेढे संपले की मंडळी पांगतात. खरा कार्यक्रम पुढेच असतो, फक्त त्याची निमंत्रणपत्रिका छापत नाहीत. वाफेची लाइन तापू लागते आणि पावसाळाभर निपचित पडलेला पाइप आळस देतो.

पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. ऐकायला किरकोळ, पण शंभर मीटरची लाइन ३० अंशांवरून २३० वर गेली की २४ सेंटिमीटर लांबते. चांगली वीतभर! अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे पाइपाला कोणी शिकवलेलं नसतं. दोन्ही टोकं गच्च आवळून शिस्त लावू म्हटलं, तर तो एकतर बाक काढतो, नाहीतर सगळा राग पंपाच्या तोंडावर काढतो.

म्हणून लाइनीत मध्येच चौकोनी लूप देतात. पाहुण्याला वाटतं, कंत्राटदारानं बिल फुगवायला वळसा घेतलाय. वाढ गिळतो तो हाच वळसा. मुरलेला फिटर लाइन थंड असतानाच पाइपाच्या शूजवळ, म्हणजे त्याच्या खालच्या सरकत्या आधाराजवळ, बीमवर खडूची रेघ मारून ठेवतो. वाफ सोडल्यावर शू रेघेपासून चार बोटं सरकला की त्याचा जीव भांड्यात पडतो. जागचा हलला नाही, तर शूला कुणी वेल्डिंगचा टाका मारलाय का, हे तो आधी बघतो.

पंचाईत पंपाजवळ होते. उष्णतेला मोकळीक हवी, थरथरीला पकड. कोणी उत्साही माणूस दिसेल तिथे क्लँप ठोकतो. थरथर थांबते, शाबासकी मिळते आणि लाइन तापली की शेजारचा वेल्ड तडकतो. प्रेशर गेजच्या अर्धा इंची निपलचं, म्हणजे लाइनीतून फुटलेल्या आखूड नळीचं, दुखणं आणखी नाजूक. त्याला आधार द्यायचा तो त्याच पाइपाचा, बाजूच्या खांबाचा नव्हे. म्हणजे दोघं हलतील ते बरोबरीनं.

मोकळीक म्हणजे वाऱ्यावर सोडणंही नव्हे. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोच्या रसायन कारखान्यात दोन लवचीक बेलोजच्या मध्ये एक वाकडा तात्पुरता पाइप बसवला होता. आधार म्हणून खाली नुसती परांची. १ जून १९७४ रोजी तो निखळला, स्फोट झाला आणि २८ माणसं गेली.

या दोन टोकांमधला शहाणपणा स्नबर नावाच्या दांड्यात असतो. पाइप सावकाश सरकला तर तो वाट देतो. झटका बसला तर तिथल्या तिथे धरतो.

कुठे धरायचं, हे सांगणारे कारखान्यात पैशाला पासरी मिळतात. शूपुढे चार इंच मोकळे ठेवा म्हणणाऱ्याला मात्र लेखापरीक्षक विचारतो, इथे काहीच कसं नाही? अन् रिकाम्या जागेचं व्हाउचर कोणाला दाखवता येत नाही.