मेल टाकलाय, बघून घ्या

फाइल पाठवणे आणि फाइल पोहोचणे या दोन क्रियांचा परस्परांशी काही संबंध असतो, असे मराठी व्यवसायविश्व सहसा मानत नाही. पहिली क्रिया “मेल टाकलाय, बघून घ्या” असे फोनवर सांगताच विधिवत पूर्ण होते. दुसरीचा भार इंटरनेट, दैव आणि समोरच्या कार्यालयातील सर्वांत कनिष्ठ कर्मचारी यांच्यावर समप्रमाणात पडतो. या प्रथेच्या अभ्यासासाठी दिवाळी अंकांचा हंगाम विशेष सोयीचा, कारण संपादक, जाहिरातदार, डीटीपी करणारा आणि छापखाना हे चौघेही तेव्हा एकाच मुखपृष्ठाची वाट पाहत असतात आणि ते आपण कधीच पाठवले, याबद्दल त्यांतील किमान दोघांची खात्री असते.

या क्षेत्रातील सर्वांत निष्ठावंत संप्रदाय ईमेलचा होय. ईमेलची वहनव्यवस्था मुळात साध्या अक्षरांसाठी घडलेली असल्याने जोडलेली फाइल ‘बेस६४’ या पद्धतीने, म्हणजे दर तीन बाइटांच्या जागी चार अक्षरे लिहून, रवाना होते. त्यामुळे २० एमबीची फाइल वाटेतच सुमारे २७ एमबीची होते आणि मर्यादेत बसणारी वाटत असूनही समोरच्या सर्व्हरच्या उंबरठ्यावरून परत फिरू शकते. यावर रूढ झालेला उपाय असा की फाइलीचे सात तुकडे करून सात मेल पाठवावेत, त्यांतील सहा पोहोचावेत आणि सातव्याबद्दल उभय पक्षांनी परस्परांच्या संगणकज्ञानाविषयी मत व्यक्त करावे.

दुसरा संप्रदाय व्हॉट्सअॅपचा. तेथे २०२२पासून २ जीबीपर्यंतची फाइल पाठवता येते. तथापि फोटो म्हणून धाडलेले चित्र आकुंचित होत असल्याने मोबाइलवर लखलखणारे मुखपृष्ठ कागदावर धुरकट उतरते. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ रूपात जाते, हा शोध बहुधा छपाई पूर्ण झाल्यावर लागतो.

पेनड्राइव्ह घेऊन दुचाकीवरून धावणाऱ्या मुलाची मात्र उपेक्षा करू नये, कारण सेकंदाला १० मेगाबिट अपलोड वेग असलेल्या जोडणीवरून ५ जीबी चढवायला तासाहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात तो सदाशिव पेठेतून छापखान्यात पोहोचून चहाही घेतो. दोष एवढाच की पेनड्राइव्ह खिशातून पडला तर त्यातील ग्राहकांची यादीही, कुलूप नसल्यामुळे, सापडेल त्याच्या मालकीची होते.

फुकट सेवांचे भक्त याहून निश्चिंत असतात. मे २०२०मध्ये दूरसंचार विभागाच्या आदेशाने वीट्रान्सफर देशात बंद झाली, तेव्हा पर्यायी मार्ग आधी ठरवून ठेवायचा असतो ही कल्पना अनेकांना प्रथमच स्पर्शून गेली. क्लाउडवरील सामायिक फोल्डरचे तर दोनच प्रकार आढळतात : ज्याला हवे त्याला उघडत नाही असा, आणि लिंक हाती लागलेल्या कोणालाही उघडतो असा.

वास्तविक फाइल वाहून नेण्याचा एफटीपी हा नियमसंच आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर अभय भूषण यांनी एप्रिल १९७१मध्येच लिहून ठेवला. त्यात पासवर्ड उघडा जातो म्हणून पुढे एसएफटीपी, म्हणजे सर्व संवाद कूटबद्ध करणारा मार्ग, प्रचारात आला. साधनांचा तुटवडा तेव्हापासून नाही. तुटवडा आहे तो निर्णय घेणाऱ्याचा. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यात वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि “आमच्याकडे असंच चालतं” हा त्यात सवलतीचा आधार नाही.

म्हणून व्यवसायांनी रोजच्या ठरावीक देवाणघेवाणीसाठी एसएफटीपी ठेवावे, अधूनमधूनच्या जड फाइलींसाठी मुदत संपणारी व नेमक्या व्यक्तीलाच उघडणारी सशुल्क लिंक वापरावी, आणि ईमेलकडे फक्त वर्दी देण्याचे काम सोपवावे. फाइलीला पासवर्ड जरूर लावावा. तो त्याच मेलच्या तळाशी लिहू नये.