डायल-अपचे गृहशास्त्र

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. परंतु हे नवे स्वातंत्र्य आरंभी मोजक्या महानगरांपुरतेच असल्याने, आजच्या धाराशिव आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ते पोहोचायला आणखी काही वर्षे लागली, आणि पोहोचले तेही बैठकीच्या खोलीत क्रोशाच्या रुमालाखाली विराजमान असलेल्या टेलिफोनच्या तारेवरून. या पद्धतीस डायल-अप म्हणत, कारण संगणकाला प्रत्येक वेळी रीतसर फोन लावूनच इंटरनेटवर जावे लागे. त्यासाठी लागणारा मोडेम, म्हणजे संगणकाच्या अंकांचे आवाजात आणि आवाजाचे पुन्हा अंकांत रूपांतर करणारी पेटी, नंबर फिरवून झाल्यावर असा काही चीत्कार करी, की एकाच चौकात दोन वरातींचे बँड समोरासमोर आल्याचा भास व्हावा.

बऱ्याचदा मात्र चीत्काराऐवजी पडद्यावर ‘680’ हा आकडा येई, ज्याचा अर्थ डायल टोन ऐकू आला नाही असा होता. फोनमध्ये तर टोन खणखणीत वाजत असे, पण परदेशी टोनला सरावलेला मोडेम आपल्या एक्स्चेंजचा टोन ओळखतच नसे, आणि म्हणून ‘टोनची वाट पाहा’ या सूचनेपुढील खूण काढून टाकणे हेच जाणकारीचे लक्षण मानले जाई. एवढे जमलेला मुलगा गल्लीत इंजिनिअर ठरे, मग दहावीचे गणित सुटो वा न सुटो.

तथापि खरा अडथळा तांत्रिक नसून कौटुंबिक होता. तार एक आणि हक्कदार अनेक असल्याने, आतल्या खोलीतील पॅरलल फोन, म्हणजे त्याच तारेवरचा दुसरा फोन, आजीने तुळजापूरच्या आत्याबाईंना लावण्यासाठी उचलला, की जोडणी तत्क्षणी तुटे. 56 किलोबिटच्या मोडेमवरून प्रत्यक्षात सेकंदाला 4 किलोबाइट मिळाले तरी भाग्य समजावे, अशा स्थितीत 5 मेगाबाइटचे एक गाणे उतरायला सुमारे 21 मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ आजीला फोनपासून दूर ठेवणे हे कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचे काम होते. त्यातूनही निभावलेच तर भारनियमन होतेच. एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालणारा फोन तेव्हाही जिवंत राही, संगणक तेवढा मरे, आणि मग आजी निवांत फोनवर बसत.

पुढे बिल आले, की त्यातील वाढीव कॉलचा जाब इंटरनेटलाच द्यावा लागे. आत्याबाईंचे नाव कोणी काढत नसे.