जर्नलचा पीसीआर

डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारे पीसीआर तंत्र कॅरी मुलिस यांना 1983 मध्ये सुचले आणि 1993 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. 30 फेऱ्यांत एका रेणूच्या 100 कोटींहून अधिक प्रती! बायोमेडिकल सायन्सच्या पदवी वर्गाने हेच यश यंत्राविना साधले, पण त्याची दखल स्टॉकहोमने अद्याप घेतलेली नाही.

पद्धत सोपी. साचा म्हणून गेल्या वर्षीच्या ताईचे जर्नल घ्यावे. यंत्राला सुमारे 94 अंश तापमान लागते. इथे सबमिशनची आदली रात्र पुरते.

पीसीआरमधले मूळ टॅक एन्झाइम स्वतःच्या चुका तपासत नाही. त्या पुढच्या प्रतींत निमूट उतरतात. ही वैज्ञानिक निष्ठा जर्नलांनीही जपली आहे. सेंट्रिफ्यूजच्या 3,000 फेऱ्या कुठल्याशा पिढीत 30,000 झाल्या. रक्ताच्या नळीने तक्रार केलेली नाही. परीक्षकांनीही नाही. ते समास पाहतात, आकृती पेन्सिलीने काढली आहे ना याची खात्री करतात (शास्त्राचा पाया तोच) आणि लाल शाईत सही करतात.

यंदा मात्र निरीक्षणाच्या रकान्यात दुर्मीळ प्रामाणिकपणा आढळला : ‘यंत्र नादुरुस्त असल्याने निष्कर्ष मिळाला नाही.’ वर्गातल्या सगळ्या जर्नलांत, अगदी स्वल्पविरामासकट.

यंत्र जूनमध्येच दुरुस्त होऊन आले होते.