कर्बाचा अनुशेष

विदर्भाच्या मागासलेपणाची मोजदाद करण्याची प्रथा आता जुनी झाली. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, गावांचे विद्युतीकरण, आरोग्य यांचा जिल्हावार हिशेब मांडला, केळकर समितीने तो पुढे नव्याने तपासला, आणि वऱ्हाडातील सिंचनाचा अनुशेष मात्र वतनासारखा पिढीजात चालत राहिला. इतक्या विद्वान मंडळींच्या दफ्तरात एक बाब रुजू व्हायची राहिली, ती म्हणजे धूर.

कुझ्नेट्स या अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी एक वक्ररेषा आहे. तिच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की, प्रदेश आधी धूर करतो, धुरातून संपन्न होतो आणि मग त्या संपन्नतेच्या बळावर धुराचा बंदोबस्त करतो. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर जगणाऱ्या, अमरावती जिल्ह्यातील आमच्या चांदूर रेल्वे तालुक्याला यातली पहिलीच पायरी अद्याप मंजूर झालेली नाही. पऱ्हाटीच्या चुलीपुढे डोळे चोळणारी बाई या कामी निरुपयोगी आहे. कारण पऱ्हाटीतला कर्ब कपाशीने हवेतूनच घेतलेला असल्यामुळे जागतिक जमाखर्चात तिचा धूर शून्य समजला जातो. खोकला तेवढा तिच्या खाती.

खरा, हिशेबी धूर आमच्या डोळ्यांदेखत रुळांवरून जातो. चंद्रपूर-वर्ध्याकडून निघालेले कोळशाचे रेक पारस, भुसावळ आणि नाशिकच्या विद्युत केंद्रांकडे याच मार्गाने जातात. एका रेकमध्ये सुमारे चार हजार टन कोळसा मावतो. तो जळाला की हवेतील प्राणवायूला कवटाळून ढोबळ मानाने सहा हजार टन कर्बवायू होतो, म्हणजे सावकाराच्या मुद्दलाप्रमाणे जळूनही वाढतो. चंद्रपूर ते पडघा ही ७५२ किलोमीटरची वाहिनी दीड हजार मेगावॉट वीज थेट मुंबईच्या वेशीपर्यंत पोहोचवू शकते. राख चंद्रपूरच्या नावे, वातानुकूलित दालने दुसऱ्या इलाख्याच्या उत्पन्नात. धूर चिमणीपाशी मोजावयाचा आणि विकास बटणापाशी, हा नियम कोणत्या मामलेदाराने केला हे कळत नाही, परंतु त्याचा अंमल चोख आहे.

अमरावती जिल्ह्याला काहीच मिळाले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. नांदगाव पेठेस १३५० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प उभा राहिला, आणि सिंचनासाठी बांधलेल्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी त्याला देण्यावरून शेतकऱ्यांनी आंदोलने केली. त्या बिचाऱ्यांच्या ध्यानात आले नाही की, सिंचनाचा अनुशेष वाढवून कर्बाचा अनुशेष भरून काढण्याची ही योजना किती काटकसरीची होती.

केंद्र सरकारची प्रतिज्ञाही आम्हांस अनुकूलच आहे. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता ४५ टक्क्यांनी उतरवावयाची आहे. तीव्रता म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचा धूर. रुपये पुरेसे भरभर वाढले तर एकूण धूर वाढूनही वचन पाळले जाते. एकूण धूर निव्वळ शून्यावर आणण्याची मुदत २०७० ची आहे, तेव्हा घाई करण्याचे कारण नाही.

सबब आम्ही एक अर्ज सादर करीत आहो. चांदूर बाजाराहून वेगळे ओळखू यावे म्हणून ज्या गावाच्या नावापुढे रेल्वे लागली, त्या गावी बहुतेक जलद गाड्या थांबत नाहीत. परंतु त्यांना वाट मोकळी व्हावी म्हणून कोळशाची मालगाडी मात्र बाजूच्या रुळावर निवांत उभी राहते, आणि फलाटावरील उतारू तिच्या वाघिणी मोजीत बसतात. तरी जितका वेळ हा माल आमच्या हद्दीत उभा असेल, तितक्या वेळेपुरता चांदूर रेल्वे तालुका औद्योगिक समजण्यात यावा आणि तसा दाखला स्टेशनमास्तरांच्या सहीने मिळावा, ही विनंती.