चहाच्या वेळेचा सूर्यास्त

अंदमानला जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा पहिला दिवस ठरलेला असतो. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, अंधार पडल्यावर ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम. त्याबद्दल घरात कुणाचं दुमत नसतं. वाद पेटतो तो दुसऱ्या दिवसापासून. उरलेले दिवस समुद्रकिनाऱ्यांचे असतात, किनारे पुष्कळ असतात आणि प्रत्येकाला त्यातला 'सगळ्यात चांगला' हवा असतो.

हॅवलॉक बेटावर किनाऱ्यांना आजही बेस्टच्या बससारखे नंबर आहेत. गोविंदनगरचा तीन नंबर, विजयनगरचा पाच, राधानगरचा सात. शेजारचं नील बेट पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलं. तिथं रामनगर आहे, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूरही आहे. 2018 पासून हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, पण जेटीवर अजून जुनी नावंच ऐकू येतात.

यातला सात नंबर प्रसिद्ध. 2004 साली 'टाइम' मासिकानं त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि 2020 मध्ये त्याला 'ब्लू फ्लॅग' मिळाला. या निळ्या झेंड्याचे 33 निकष आहेत. आमच्या वहिनींचा निकष एकच: आंघोळीला गोडं पाणी आणि आतून कडी लागेल असं दार. सुरुवातीला आम्ही हसलो. मग कळलं की त्या 33 निकषांतही स्वच्छतागृहांचा मुद्दा आहेच. तेव्हापासून वहिनी आंतरराष्ट्रीय दर्जाच्या झाल्या आहेत आणि किनाऱ्यावर पोचल्या की समुद्राकडे पाठ करून आधी तिकडची पाहणी करून येतात.

राधानगरची कीर्ती खोटी नाही, हे मी कुरकुर न करता मान्य करतो. मागे उंच, सरळसोट समुद्रमहुआची झाडं, मध्ये रुंद पांढरी पुळण आणि पुढे पाणी इतकं संथ उतारानं खोल जातं की पोहता न येणारा माणूसही आपण पोहतोय असा चेहरा करू शकतो. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सगळी पॅकेजं तिथं सूर्यास्ताला जातात. आणि मराठी पॅकेजचा घात होतो तो इथंच.

आपला सूर्यास्त चहानंतर असतो. दुपारी वामकुक्षी, चारला चहा, सोबत काहीतरी कुरकुरीत, मग कपडे बदलून 'चला, जरा बीचवर' अशी आपली शिस्त. अंदमानचा सूर्य ती पाळत नाही. मुंबई आणि पोर्ट ब्लेअर यांच्यात सुमारे वीस रेखांशांचं अंतर आहे. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तिथं ऐंशी मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी काम संपवतो. घड्याळ मात्र देशभर एकच. डिसेंबरात तिथं पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. साडेपाचला थर्मास घेऊन वाळूवर उतरणारी मंडळी ओळखायला सोपी असतात: समोर कुठं पाहायचं, हे त्यांना समजत नाही. लाइफगार्ड शिट्ट्या मारून लोकांना बाहेर काढत असतात आणि कुणीतरी विचारतं, "अहो, संपला की काय?"

सूर्यापेक्षाही लहरी भरती-ओहोटी. विजयनगरला भरतीत पाणी झाडांच्या सावलीपर्यंत येतं आणि असं हिरवंनिळं दिसतं की आयुष्यात कधी कविता न केलेला माणूस गप्प होतो. सहा तासांनी जाऊन पाहा, पाणी दूरवर मागे सरलेलं आणि पुढ्यात खडक, मेलेली प्रवाळं, पायाला टोचणारा पसारा. तोच किनारा सकाळच्या गटाला स्वर्ग वाटतो आणि दुपारचा गट पैसे परत मागतो. उलट लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर ओहोटीलाच जायचं असतं. तिथली दगडाची नैसर्गिक कमान गाठायला पाणी उतरावं लागतं आणि खडकांतल्या डबक्यांत मासे, खेकडे, समुद्रकाकड्या दिसतात.

बापूकाका मूळचे श्रीवर्धनचे. कोकणातलं गणित त्यांच्या बोटांवर: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर सहा. त्यांनी नीलच्या जेटीवर उभं राहून तिथी मोजली, पाऊणपट केली आणि जाहीर केलं. समुद्रानं ऐकलं नाही. भरतीची घटिका किनाऱ्यागणिक वेगळी असते, हे तिथल्या होडीवाल्यानं अतिशय अदबीनं सांगितलं. पुनव-अवसेचं उधाण मात्र दोन्हीकडे सारखंच, एवढ्या मुद्द्यावर काकांनी समाधान मानलं.

हॅवलॉकच्याच एलिफंट बीचबद्दल मी फार बोलणार नाही. प्रवाळ सुंदर आहे, त्सुनामीनं उलथवलेले पांढरे ओंडके बघण्यासारखे आहेत, पण स्पीड बोटी, जेट स्कीचा आवाज आणि रांगा इतक्या की दादर स्टेशन आठवतं. पोर्ट ब्लेअरसमोरचा नॉर्थ बे निदान विसाच्या जुन्या लाल नोटेमागे छापलेला होता. ती नोट समोर धरून फोटो काढणारे अजून भेटतात. आणि कुठेही गेलात तरी मगरीची सूचना देणारा फलक वाचा. खाऱ्या पाण्यातली मगर तिथं खरोखर आहे, माणसं गेलेली आहेत. बापूकाका असे फलक तळटीपेसकट वाचतात, म्हणून आमच्यात पाण्यात सर्वांत उशिरा तेच उतरतात.

शंख-शिंपले आणि प्रवाळ पिशवीत भरायचे नाहीत, कायद्यानं बंदी आहे. विमानतळावर सामान तपासताना देवघरासाठी घेतलेला शंख बाहेर काढून देणाऱ्या काकूंचा चेहरा कोणत्याही दंडापेक्षा जास्त बोलतो.

माझी निवड विचाराल तर हॅवलॉकच्या पूर्वेकडचा काळापत्थर किनारा, उजाडता उजाडता. काळे खडक, पाठीशी रान, आणि सगळी पॅकेजं अजून नाश्त्याच्या रांगेत. राधानगरलाही मी सकाळीच जाईन, सूर्यास्ताची हाव सोडून. वहिनींना हे मंजूर नाही. त्यांच्या मते उगवता सूर्य फुकटच उगवतो, मावळत्याचे आपण पैसे भरलेत.

शेवटी तोडगा बापूकाकांनी काढला. त्यांनी मनगटावरचं घड्याळ ऐंशी मिनिटं पुढे केलं आणि चारचा चहा दोन चाळीसला करायचं ठरवलं. सूर्यास्त आता सापडतो. फक्त हॉटेलच्या स्वयंपाकघरातला मुलगा त्या वेळी गाढ झोपलेला असतो, आणि त्याला उठवायला कुणी जायचं, यावर आमचा वाद चालू आहे.