नारळ उभा राहिला!

चोपड्याहून अडावदकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी लागते. अशाच एका केळीच्या बांधावर मार्चातल्या एका सकाळी सात-आठ माणसं चपला काढून उभी होती. जवळपास देऊळ नव्हतं. रबरी तळव्यामुळे जमिनीतला ‘करंट’ अडतो, असं पाणाड्याने सांगितलं होतं, म्हणून ही व्यवस्था. बागेचा मालक तसा काळाच्या पुढे चालणारा. रोपं टिश्यू कल्चरची, खत ठिबकमधून, आणि मोटार तर तो घरी पलंगावर पडल्या पडल्या मोबाईलवरून चालू करतो. पाऊस सांगणारी दोन अॅप त्याच्या फोनात आहेत. तोच फोन पाणाड्याच्या हुकमावरून बंद करून बांधावर उताणा ठेवलेला होता. नारळाला म्हणे त्याची बाधा होते.

पाणाड्याने पिशवीतून नारळ काढला. सोललेला, शेंडी तेवढी राखलेली. तो तळहातावर आडवा ठेवून तो सावकाश चालू लागला आणि मागून मंडळी, वरातीत नवरदेवाच्या घोड्यामागे चालावी तशी. पहिल्या दोन फेऱ्यांत काही घडलं नाही. तिसऱ्या फेरीत, विजेच्या खांबापासून दहा पावलांवर, नारळ थरथरला, गिरकी घेतल्यासारखा वळला आणि शेंडी वर करून ताठ उभा राहिला.

“आठे शे!” पाणाडी म्हणाला. “दोन झऱ्यांनी चौफुली शे. तीनशे फुटावर. अडीच इंच पानी.”

भूगर्भातल्या झऱ्यांना विजेच्या खांबांची ओढ असावी. नाहीतर शेताच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे केबल टाकायलाच वेगळं कर्ज काढावं लागेल अशा ठिकाणी, हे झरे इतक्या क्वचित एकमेकांना का भेटतात याचा खुलासा होत नाही.

पाणाडी होण्यासाठी लागणारी पात्रता ठरलेली आहे. पूर्वी माणूस पायाळू असला की पुरे होई. जन्मताना जो पायांकडून आला त्याला जमिनीखालचं पाणी आणि गुप्तधन दोन्ही दिसतं, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. (गुप्तधन दिसणारी ही माणसं दुसऱ्याच्या शेतात पाकिटासाठी उन्हातान्हात का हिंडतात, हा प्रश्न विचारणं शिष्टाचाराला धरून नाही.) आता सिझेरियनच्या काळात पायाळूंचा तुटवडा पडला, तेव्हा परंपरेने आधुनिक विज्ञानाकडे धाव घेतली. हल्ली ‘ओ पॉझिटिव्ह’ रक्तगट लागतो. देशात सर्वांत जास्त आढळणाऱ्या गटांपैकी हा एक, त्यामुळे मनुष्यबळाची चिंता मिटली. काही जणांकडे तांब्याच्या वाकवलेल्या सळ्या असतात, काहींकडे कडुनिंबाचं दुबेळकं. ज्यांना जास्त दर लावायचा असतो त्यांच्याकडे दिवे लुकलुकणारं ‘जर्मन मशीन’ असतं.

या विषयावर मत नसलेला माणूस चोपड्यात सापडणं कठीण. बसस्टँडाबाहेरच्या टपरीवर अर्धा कप चहा संपेपर्यंत तीन पक्ष तयार होतात. पहिला म्हणतो, “आमनी बोर त्यानीच दाखाडी, आज बी चालू शे.” दुसरा म्हणतो, सगळं थोतांड, पण स्वतःची बोअर घेताना दोन पाणाडी बोलावले होते, ‘घरच्यांच्या समाधानासाठी’. तिसरा पक्ष मध्यममार्गी. त्याच्या मते यात काहीतरी आहे, फक्त ते शास्त्रज्ञांना अजून कळलेलं नाही. या तिसऱ्या पक्षाला सगळीकडेच बहुमत असतं.

गंमत अशी की पहिला पक्ष खोटं बोलत नाही. बोअर खरोखरच चालू असते, कारण चोपडा, यावल, रावेर या पट्ट्याखाली तापीचा गाळ आहे. काही ठिकाणी तो शेकडो फूट खोल जातो. माती, रेती, गोटे, पुन्हा माती, पुन्हा रेती असे थर एकावर एक, आणि रेतीच्या थरांत पाणी. हे थर खांबाजवळ चौफुली करून बसत नाहीत, ते मैलोनमैल पसरलेले असतात. अशा जमिनीत नारळाच्या जागी लिंबू धरा, टोपी हवेत उडवून पडेल तिथे खुंटी ठोका, नाहीतर गावातल्या सर्वांत उनाड पोराला डोळे बांधून सोडा; पुरेसं खोल गेल्यावर पाणी लागायचंच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते म्हणतात. इथे तर झाडाच्या सगळ्याच फांद्या तुटायला आलेल्या. कावळ्याने फक्त बसायचं.

पाणाड्याची खरी परीक्षा तापीच्या दक्षिणेला, अमळनेर-पारोळ्याकडच्या कातळात. तिथे पाणी भेगांत असतं. एका बोअरला लागतं आणि वीस पावलांवरची कोरडी जाते. तामिळनाडूतल्या तिरुचेंगोड्याच्या बोअरच्या गाड्या देशभर फिरतात. अशी गाडी रात्रभर धुरळा उडवत राहते, फुटामागे मीटर पडत राहतो आणि पहाटे मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. बोअरला मात्र ते लागलेलं नसतं. पण पाणाडी डगमगत नाही. त्याच्याकडे कारणांचा साठा भूजलापेक्षा मोठा. गाडीवाल्याने खुंटी हातभर सोडून भोक पाडलं. कुणीतरी चप्पल घालून आलं होतं. झरा होता, पण वरून गाडीचा हादरा बसल्यावर ‘सरकला’. आणि सर्वांत बिनतोड उत्तर म्हणजे, “अजून पन्नास फूट जा.”

नारळ उभा राहतो हे मात्र डोळ्यांनी दिसतं, त्याचं काय? त्याचं उत्तर १८५२ मध्ये विल्यम कार्पेंटर नावाच्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने देऊन ठेवलं आहे. मनात एखादी हालचाल घोळत असली की हाताचे स्नायू ती आपल्या नकळत करून टाकतात. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडेने भुताटकीने हलणाऱ्या टेबलांची तशीच तपासणी केली आणि टेबल भुतं नव्हे, भोवती बसलेली सभ्य माणसं ढकलतात असं दाखवलं. मराठी घरांत प्लँचेटवर उलटी वाटी फिरते ती याच इंजिनावर. आत पाणी डुचमळणारा गोल नारळ, तळहाताचा किंचित कल, आणि मनात “खांबाजवळ लागलं तर बरं.” पाणाडी बहुतेक वेळा लबाड नसतोच. तो स्वतःही चकित होतो, म्हणून तर बघणाऱ्यांचा विश्वास बसतो.

जर्मनीत या मंडळींची रीतसर परीक्षा झाली. १९९० मध्ये कासेल शहरात तीस पाणाडी जमले, म्हणजे तिकडचे, काठीवाले. जमिनीखाली अर्ध्या मीटरवर प्लास्टिकचा नळ पुरलेला. तो कुठून जातो हे वर खूण करून दाखवलेलं. सांगायचं एवढंच की आता पाणी वाहतंय की बंद आहे. सगळ्यांनी आधी कागदावर सही केली की परीक्षा न्याय्य आहे आणि आपल्याला यशाची खात्री आहे. तीन दिवसांनी निकाल लागला तो नाणं उडवून येतो तसाच. मग अर्थातच कारणं निघाली. ‘झरा सरकला’ याला जर्मन भाषेत काय म्हणतात ते कळलं असतं तर बरं झालं असतं.

आपल्याकडे पत्रिकेच्या बाबतीत असा प्रयोग जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये पुण्यात केला. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून कोणती कुणाची ते सांगायचं होतं. बरोबर उत्तरं आली शेकडा ४६. नुसता रुपया उडवला असता तर पन्नासच्या आसपास आली असती, आणि रुपया दक्षिणाही मागत नाही. या निकालानंतर पुण्यात किती ज्योतिषांनी पाट्या उतरवल्या, हा ज्याचा त्याने रस्त्यावरून फिरताना करायचा अभ्यास आहे.

खेड्यातली अडाणी माणसंच असल्या गोष्टींना भुलतात, असं शहरी वाचक म्हणेल. त्याच्यासाठी एक साहेबी उदाहरण. जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायच्या खेळण्याला नवं नाव देऊन ते बॉम्बशोधक यंत्र म्हणून इराक सरकारला विकलं. मुठीवर सैल फिरणारी एक ॲंटेना, आत बॅटरीसुद्धा नाही. बगदादच्या नाक्यांवर गणवेशातले जवान ती दांडी धरून गाड्या तपासत होते आणि बॉम्ब निर्धास्त पुढे जात होते. २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. अडावदच्या नारळाने निदान कुणाचा जीव घेतलेला नाही.

‘हे आपलं प्राचीन शास्त्र आहे’ असं म्हणणाराही टपरीवर एक असतोच. प्राचीन शास्त्र होतं, यात शंका नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय भूजलावर लिहिला. त्यातल्या खुणा झाडांच्या, वारुळांच्या, मातीच्या रंगाच्या आहेत. चुकल्या असतील तरी त्या हिंडून, पाहून टिपलेल्या आहेत. आणि याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण्याला, १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठासाठी दिलेलं दान त्यात नोंदलेलं आहे, आणि बाजारातल्या कोणत्या मालावर मठाला किती द्यायचं हेही, तेही त्या काळच्या मराठीत. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातला वाणी-उदमी गणिताच्या अभ्यासासाठी पट्टी देत होता. त्याचे वंशज आता पाकीट नारळाला देतात आणि त्याला परंपरा म्हणतात.

खरं गूढ हवंच असेल तर ते चोपडा तालुक्यात आहे आणि फुकट आहे. अडावदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव. तिथे गोमुखातून ऊन ऊन पाणी बारा महिने वाहतं. कुणी नारळ धरलेला नाही, कुणी खुंटी ठोकलेली नाही. रामाने शरभंग ऋषींसाठी बाण मारून ते काढलं ही कथा तिथे ऐकायला मिळते. भूगर्भवाले म्हणतात, नर्मदा-तापीच्या या पट्ट्यात जमिनीला मोठ्या भेगा आहेत. पावसाचं पाणी त्यांतून फार खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या वाटेने वर येतं. दोन्हींत कथा जास्त सुंदर आहे, पण दुसरीही काही कमी चमत्काराची नाही. कुठल्यातरी पावसाळ्यात सातपुड्यावर पडलेला थेंब पाताळ बघून परत येतो. या प्रवासाबद्दल टपरीवर कुणाचंच मत नसतं. लोक जातात, कातडीच्या रोगांना चांगलं म्हणून अंघोळ करतात, भजी खातात आणि परततात.

पाणी वर येतं कसं यात इतका रस आणि आत जातं कसं यात अजिबात नाही, हा आणखी एक न उलगडलेला प्रकार. सातपुड्याच्या पायथ्याला गोट्यांचा, वाळूचा जो पट्टा आहे त्याला भूजलवाले ‘बझाडा’ म्हणतात. नाल्यांचं पाणी मुरतं ते मुख्यतः तिथून. खाली केळी आहे आणि केळीला बारा महिने पाणी लागतं. पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला येते. मग तो पोहरा बदलतो. पंचवीस वर्षांपूर्वी जिथे दीडशे फुटांवर भागत होतं तिथे आता तीनशेची भाषा आहे. राज्याचा २००९ चा भूजल कायदा साठ मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली जायला आडकाठी घालतो. पण नारळाने कायदा वाचलेला नाही आणि ज्यांनी वाचलाय ते बांधावर चपला काढून उभे असतात.

अनेर ओलांडली की शिरपूर. तिथे भूजल सर्वेक्षण यंत्रणेत आयुष्य घालवलेल्या सुरेश खानापूरकरांनी उलटा उद्योग केला. नाले खोल आणि रुंद खोदले, वरचा न झिरपणारा थर काढून टाकला, बंधारे घातले आणि पाणी खालच्या थरात उतरू दिलं. ‘शिरपूर पॅटर्न’ बघायला राज्यभरातून गाड्या येतात. चोपड्याहूनही गेल्या असतील. परतताना वाटेत पाणाड्याचा नंबर घेतला नसेल असं समजू या.

तर त्या बागेत आठवड्याभरात ट्यूबवेलचं काम झालं. तीनशेवर नाही लागलं, तीनशे साठवर लागलं. ‘तीनशे म्हणजे तीनशेच्या पुढे’ असा खुलासा पाणाड्याने फोनवरून केला आणि तो सर्वांना पटला. पेढे वाटले. मालकाने पहिल्यांदा मोबाईलवरून मोटार चालू केली तेव्हा तिचा व्हिडिओ गावभर गेला. बारा दिवसांनी बांधापलीकडच्या शेतकऱ्याची जुनी ट्यूबवेल अर्ध्या तासाने हवा ओढू लागली. तो सकाळभर तिच्याभोवती फिरला, पाईप हलवून पाहिला, आकाशाकडे पाहिलं, शेजाऱ्याच्या नव्या पाईपातून पडणाऱ्या धारेकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याच पाणाड्याला फोन लावला.

फोन एंगेज लागत होता.